खोटी नोंद : मेळघाटातल्या बालरहस्यकथेच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

काम पक्कं झालं. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी जंगलातली रहस्यकथा. बारा प्रकरणं, चोवीस हजारांच्या आसपास शब्द, हस्तलिखित ऑगस्टअखेर. प्रकाशकांचं म्हणणं एकच : "मुलांनी पान उलटलं पाहिजे." माझंही एक म्हणणं होतं, ते मी मनातच ठेवलं. जंगल पडद्यावर रंगवलेलं नको. अमरावतीत राहते, त्यामुळे मेळघाट सोडून लांब जायचं कारण नाही. परतवाडा सव्वा तासावर, पुढे घाट चढला की आलंच.

पहिला आराखडा आजच उतरवला. डिसेंबर १८०३, गाविलगडावर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेचा हल्ला, किल्ला पडतो, त्या गोंधळात कुणीतरी एक पेटी लपवतं. आजच्या काळात दोन मुलांना नकाशा सापडतो. मागावर टोळी, शेवट गुहेत. तीन तासांत बाराही प्रकरणांची यादी तयार. इतकं भराभर सुचतंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं होतं, पण तेवढ्यात दूध उतू गेलं.

११ जानेवारी, शनिवार

भाची राहायला आली आहे. पाचवीत आहे, वाचते भरपूर आणि भीडभाड अजिबात ठेवत नाही. आराखडा वाचून दाखवला. तिसऱ्या प्रकरणाशीच तिने विचारलं, "मावशी, पेटी गुहेत आहे ना?" आहे. "आणि तो दाढीवाला शेवटी चांगला निघतो?" निघतो. "मग मी वाचू कशाला?"

हे पचवलं असतं. पण झोपताना तिने सहज म्हटलं, "ही गोष्ट सिंहगडावर पण झाली असती की." रात्रभर तेच डोक्यात. माझ्या आराखड्यात मेळघाट होता कुठे? झाडं होती ती लपायला, वाघ होता तो घाबरवायला. उद्या कथा सह्याद्रीत नेली तर फक्त गावांची नावं बदलावी लागली असती.

आराखडा रद्द. लिहिलेले शब्द शून्य. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत : धागा जंगलानेच द्यायचा, आणि तो वाचणाऱ्यालाही आधी दिसला पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे नुसतं वाचन. आज मात्र घबाड हाती लागलं, आणि ते पेटीत नव्हतं.

रानपिंगळा. छोटं घुबड, मेळघाटात आहे, इथल्या पक्षिनिरीक्षकांना चांगलं ठाऊक आहे. पण या पक्ष्याच्या मागे खरीखुरी रहस्यकथा दडलेली आहे हे मला अर्धवटच माहीत होतं. पहिला नमुना १८७२ मध्ये मिळाला, पुढच्या वर्षी ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं (तोच ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेतला). खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले सात नमुने, बस्स.

मग येतो कर्नल रिचर्ड माइनर्टझहागन. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलेलं : १९१४, मांडवी, गुजरात. म्हणजे हरवलेला पक्षी तीस वर्षांनीही जिवंत होता, आणि तो तिथे होता! लोकांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? हुद्देदार माणूस, नामांकित संग्राहक.

नव्वदच्या दशकात पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी त्या नमुन्याची कसून तपासणी केली. वरून पुन्हा भरलेला, पुन्हा शिवलेला. पण आतली मूळची हाताळणी डेव्हिडसनच्या पद्धतीची. प्रत्येक नमुना तयार करणाऱ्याचा हात वेगळा असतो, जसा प्रत्येक शिंप्याचा टाका. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचाच पक्षी ब्रिटनच्या संग्रहालयातून पळवला होता, उसवून पुन्हा शिवला होता आणि वर नवी चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठी खोटी, टाके खरे.

ही चिठ्ठी बाद झाल्यावर भरवशाच्या उरल्या त्या जुन्या, एकोणिसाव्या शतकातल्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट त्या जागा धुंडाळत निघाले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. तोही भर दिवसा, निष्पर्ण फांदीवर. हे घुबड दिवसाही हिंडतं.

कथेचा सांगाडा इथेच मिळाला. ना टोळी, ना पेटी. गुन्हा म्हणजे एक नोंद. कुणीतरी खोटं लिहिलंय की हा पक्षी इथे, या तारखेला दिसला. मुलांनी ते उघडं पाडायचं, तेही कुणाचा पाठलाग न करता. चिठ्ठी खोटं बोलते, मग टाके कोणते, एवढंच आता शोधायचं.

भाचीला फोनवर सांगितलं. "घुबड चोरलं? लंडनमधून?" आणि मग, बराच वेळ गप्प राहून, "पकडला का त्याला?" नाही गं. १९६७ मध्ये वारला, सगळं उघड झालं त्यानंतर. तिला हे अजिबात पटलेलं नाही.

९ फेब्रुवारी

पात्रं ठरली. इरा, अमरावतीची, अकरा वर्षांची, पक्ष्यांच्या पुस्तकातलं सगळं पाठ. मंगली, कोरकू आदिवासी, बारा वर्षांची, व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या बफर पट्ट्यातल्या गावची. गावाचं नाव काल्पनिक ठेवते. खलनायक : गावाजवळ जागा घेऊन पर्यटकांसाठी तंबू उभारणारा एक गोडबोल्या माणूस. आपल्या तंबूंमागच्या नाल्यावर रानपिंगळा दिसतो असा फोटो तो पसरवतो, आणि गाड्यांची रीघ लागते.

१६ मार्च, रविवार

सेमाडोह. काल सकाळी निघाले, होळीनंतर लगेच जायचं नसतं हे विसरून. कोरकूंची होळी एका दिवसात आटोपत नाही. घाट उतरल्यावर रस्त्यात दोर आडवा, ढोलकी, हसरे चेहरे : फगवा द्या. दिला. पुढच्या गावात पुन्हा दोर. तिसऱ्या ठिकाणी सुटे पैसे संपले, तिथे बिस्किटचा पुडा चालला. हे सगळं दुसऱ्या प्रकरणात जाणार, इराच्या आईच्या पर्ससकट.

आज पहाटे एका निवृत्त वनरक्षक काकांबरोबर गावालगतच्या रस्त्यावर पायी. मी ठसे बघायला वाकले तर म्हणाले, "आधी खाली बसा, बाई. उभ्यानं मातीत काही दिसत नाही. अन् सूर्य समोर ठेवा." बसले. कोवळं ऊन आडवं येत होतं आणि खरंच, जे मघाशी सपाट होतं त्याला कडा फुटल्या, सावल्या पडल्या.

वाघाचा ठसा. नखं उमटलेली नाहीत, चार बोटं, मागे तीन फुगवट्यांची गादी. पण काकांना वाघात रस नव्हता. त्यांनी काडीने दाखवलं : ठशाखाली टायरची नक्षी. टायर आधी, वाघ नंतर. मग दोन हातांवर दुसरा ठसा, त्यावरून बारीक ओरखडे गेलेले, जणू कुणी केरसुणी ओढत नेलीय. साळिंदर. त्याचे काटे जमिनीला घासतात. म्हणजे वाघ आधी, साळिंदर नंतर.

"आता सांगा, वाघ कधी गेला?"

मला वेळ लागला. शेवटची गाडी काल संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास परतली होती. साळिंदर उजाडायच्या आत बिळात जातं. म्हणजे वाघ या दोहोंच्या मधे. काकांनी मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली.

याहून स्वच्छ रहस्यकथा मी वाचलेली नाही. चार फूट माती, तीन साक्षीदार, आणि कुणी कुणावर पाय दिला एवढाच पुरावा. चौथं प्रकरण जसंच्या तसं हेच. मुलांना आकृतीही देता येईल, उत्तर न छापता.

जाता जाता काकांकडून दोन कोरकू शब्द घेतले. वाघ म्हणजे कुला. आणि सिपना म्हणजे साग. इतकी वर्षं सिपना नदीकाठी फिरून मला माहीत नव्हतं की आपण सागनदी म्हणतोय.

३० मार्च, गुढीपाडवा

चार प्रकरणं कच्ची. ९,१०० शब्द. अडचण फोनची. हल्लीच्या कुठल्याही बालकथेत फोन हा डोक्याला ताप. मुलांना संकटात टाकायचं तर आधी रेंज घालवावी लागते, आणि वाचणाऱ्या पोरांना ही लबाडी चटकन कळते. मेळघाटात लबाडी करावी लागत नाही. हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून गाजलं खरं, पण काही वळणं पुढे गेलं की फोन म्हणजे घड्याळ. फक्त हे पहिल्याच प्रकरणात सांगून टाकायचं, संकट आल्यावर नाही. इराची आई घाटात रेंजची शेवटची काडी दिसते तिथे गाडी थांबवून सगळ्यांना फोन करून घेते. खरंच असं करतात लोक.

२० एप्रिल

दिवस वाया. मोहात पडले. धूळघाटजवळचं ते जुन्या मीटर गेजचं वेटोळं, जिथे रूळ वळसा घालून स्वतःलाच पुलावरून ओलांडतात. आता कित्येक वर्षं तिथून गाडी जात नाही. रानात रिकामं स्टेशन, गवतात बुडालेले रूळ... सोळाशे शब्द एका दमात लिहिले. झकास जमलेत. कथेशी काडीचा संबंध नाही. "पुढच्या पुस्तकासाठी" नावाच्या फाइलीत टाकले. त्या फाइलीत आता एक तोफ, एक पूर आणि दोन आज्या आहेत.

१३ मे, मंगळवार

कालची रात्र मचाणावर. बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची गणना. दुपारी चढले ते आज सकाळी उतरले, सोबत एक तरुण वनमजूर. पाठीची कमान झाली आहे. माझ्या कागदावर जमा : मोर, सात रानडुकरं, दोन सांबर, रात्री सव्वाबाराला एक अस्वल. अस्वल पाणी प्यायला आलं ते घरात कुणी मोठ्याने चहा फुरकावा तसं प्यालं, आणि गेलं.

वाघ नाही. पण पहाटे तीनच्या सुमारास ओढ्यापलीकडून सांबराचा आवाज आला, एकदाच, पत्र्याचा डबा आपटावा तसा. सोबतचा मुलगा ताठ झाला. मग दुसरा. मग तिसरा, थोडा डावीकडून. "चालत हाय तो," तो कुजबुजला. त्यानं सांगितलं, वानर कशालाही वरडते, मोराचं तर काही खरंच नाही, पण सांबर उगाच घसा कोरडा नाही करत. आम्ही वाघ पाहिला नाही, त्याचा रस्ता मात्र कानांनी पाहिला.

मोठी शिकवण चांदण्याची. पांढरं लख्ख दिसतं, पण रंग मरतात. माझी लाल ओढणी काळी दिसत होती. नववं प्रकरण घरी येऊन आंघोळीआधीच लिहिलं : मुलं चांदण्यात नाल्याकाठी दबा धरून बसली आहेत, वाळू दुधासारखी, मंगलीची लाल रिबन काळी. आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मजकूर.

मुलांना मचाणावर चढवायचं नाही, हे मात्र ठरवलं. जंगलाच्या गाभ्यात एकटं पाठवायचं नाही, रात्री मोठं माणूस सोबत असणारच. मंगलीचा मामा हंगामी वनमजूर आहे, तो बरोबर. पूर्वीच्या कथांमध्ये पोरं रात्री खिडकीतून उडी मारून रानात जायची आणि सकाळी पोहे खायला परत. माझा मामा झोपतो हे खरं, पण तिथेच झोपतो.

८ जून, रविवार

सगळं उलटं केलं. लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या महिन्यात मलाच कळणार नाही का केलं.

खलनायकाचा फोटो खोटा आहे हे मुलांना कळायचं कसं? आधी ठरवलं होतं : उन्हाळ्याची सुट्टी, फोटोवर तारीख एप्रिलची, पण मागे साग हिरवागार. एप्रिलमध्ये साग खराट्यासारखा उघडा असतो. पकडला! काकांना फोन केला तर ते गालातल्या गालात हसले असणार. "ओढ्याकाठचा साग उशिरा गळते, बाई. पाणी असलं की पान धरून ठेवते." गेला पुरावा पाण्यात.

मग पानं सोडली, फुलं धरली. साग पावसाळ्यात फुलतो. शेंड्याला पांढुरक्या बारीक फुलांचा भला मोठा तुरा, लांबून झाडावर धुकं बसल्यासारखा. ऑक्टोबरअखेर त्या तुऱ्यात फुलं उरत नाहीत, हलके कागदी फुगे लोंबतात आणि प्रत्येक फुग्यात एक टणक फळ. म्हणून कथा दिवाळीच्या सुट्टीत नेली. गोडबोल्या म्हणतो, "फोटो परवाचा, याच फांदीवरचा." फोटोत पक्ष्यामागे पांढुरका तुरा. आणि मुलं त्या झाडाखाली उभी राहतात तेव्हा मंगली सवयीनं फुगे वेचून अंगठ्यानं फट् फट् फोडत असते.

पण एका साक्षीदारावर निकाल लागत नाही. एखादं झाड उशिरा फुललं म्हणून तो सुटेल. दुसरा साक्षीदार त्याच झाडावर सापडला. पावसाळा सरता सरता एक अळी सागाची पानं खाते, शिरा तेवढ्या ठेवते. पान उन्हाकडे धरलं तर नुसती जाळी. गेल्या ऑक्टोबरमधले माझेच पोहऱ्याच्या जंगलातले फोटो काढून पाहिले, झाडंच्या झाडं जाळीदार. खलनायकाच्या फोटोतली पानं मात्र अखंड, थाळीएवढी. तुरा ताजा, पानं धड. म्हणजे फोटो भर पावसाळ्यातला. आणि पावसाळ्यात हा आमच्या गावात नव्हताच, हे मुलांना पहिल्या प्रकरणापासून माहीत आहे. त्याची जागाच दसऱ्याला साफ झाली. फोटो दुसऱ्याच कुठल्या रानातला.

तारीख खोटी, झाड खरं. कर्नलच्या घुबडाचे टाके मला सागात मिळाले!

आता पेरणी. तुरा तिसऱ्या प्रकरणात दिसला पाहिजे, पण कुणी त्याकडे बोट दाखवता कामा नये. इरा फोटोत फक्त पक्षी बघते : डोक्यावर ठिपके नाहीत, म्हणजे साधा पिंगळा नाही, रानपिंगळाच. बरोबर ओळखते, आणि तिथेच फसते. पक्षी खरा आहे म्हणून फोटो खरा आहे असं तिला वाटतं. वाचणाऱ्यालाही वाटू दे.

२९ जून, रविवार

विदर्भातल्या शाळा सुरू. भाचीचा नव्या दप्तराचा फोटो आला. पाऊस दोनदा येऊन गेला, म्हणून मी पोहऱ्याकडे.

तोडलेल्या सागाच्या बुंध्यातून नवे फुटवे आले आहेत. एक कोवळं पान, जेमतेम तळहाताएवढं, दोन बोटांत चुरगळलं. बोटं आधी ओली झाली, मग किरमिजी. पुसायला रुमाल काढला तर रुमालावर हुबेहूब रक्ताचे डाग. लहानपणी आम्ही हे गालाला फासून "पडलो पडलो" करत घरच्यांना घाबरवायचो, पूर्ण विसरले होते. दिवाळीत कोवळा फुटवा मिळेल का? छाटलेल्या बुंध्याला येतो अधूनमधून. सातव्या प्रकरणात तंबूच्या कापडावरचे लाल डाग आले. इरा घाबरते, मंगली वास घेते आणि हसत सुटते. एवढंच. याचं रहस्य करायचं नाही, खूप गोड गंमत आहे, तिला राबवून मारायला नको.

प्रकाशकांचा निरोप : मुखपृष्ठावर वाघ हवा. कळवलं की कथेत वाघ दिसत नाही, फक्त ठसा आहे. उत्तर : "मेळघाट म्हटल्यावर लोक वाघ शोधणार." खरं आहे, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. तरी नाही म्हटलं. मांडवली अशी : मुखपृष्ठावर रानपिंगळा, मलपृष्ठावर ठसा, त्यावर साळिंदराचे ओरखडे.

२० जुलै, रविवार

१९,८०० शब्द. पूर्ण मसुदा धारणीकडे शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला पाठवला होता, स्वतः कोरकू. आज तिचा फोन. आधी म्हणाली छान आहे. मग म्हणाली, "एक मोजून बघ. मंगली किती वेळा 'चल, मी दाखवते' म्हणते आणि इरा किती वेळा 'मला कळलं!' म्हणते."

मोजलं. अकरा आणि नऊ. मंगली एकदाही काही ओळखत नाही. वाट दाखवते, फुगे फोडते, हसते. डोकं सगळं अमरावतीचं. मोजेपर्यंत मला स्वतःला हे दिसलं नव्हतं, आणि माझ्या या वहीत तर मी जंगलानेच धागा द्यायचा म्हणून मोठ्या अक्षरांत लिहून बसले आहे.

दुरुस्ती वरवरची चालणार नाही. इराला पुस्तकी पक्षी ओळखता येतो, तेवढाच तिचा वाटा. साग मंगलीचा. तिला तुरा फोटोतच खटकलेला असतो, तिसऱ्या प्रकरणात, पण कुणी विचारत नाही आणि ती पाहुण्यांसमोर बोलत नाही. आठव्या प्रकरणात ती चिडून बोलते : "तुला डोळे आहेत ना? मग घुबडच का बघतेस?" मैत्रिणीने आणखी एक गोष्ट सुधारली. मंगली घरी आईशी मराठीत बोलत होती. कोरकू आणि मराठी यांचं लांबचंही नातं नाही, घरात ती मराठी कशाला बोलेल? आता घरातलं बोलणं इराला कळत नाही, आणि म्हणून वाचणाऱ्यालाही पूर्ण कळत नाही. त्यातून पाचव्या प्रकरणात एक बारीक कोडं फुकटात मिळालं.

५,००० शब्द काढले, ६,२०० नवे लागणार.

१० ऑगस्ट, रविवार

२२,९०० शब्द. भाचीने रविवारची बैठक मारून अख्खं वाचलं. मी शेजारी भाजी निवडत होते, म्हणजे तिचा चेहरा बघत होते. ठशाच्या आकृतीपाशी पेन्सिल मागितली, बरोबर सोडवलं. तुऱ्यावरून निर्धास्त पुढे गेली, आठव्या प्रकरणात "आईशप्पथ" म्हणून पानं मागे उलटली. तिसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य सापडल्यावर मला चापट मारली. याहून मोठा मोबदला मला नको.

मग नववं प्रकरण. माझं लाडकं. दुधासारखी वाळू, काळी रिबन. ती थांबली.

"मावशी, हे लक्ष्मीपूजनाच्या रात्री आहे ना?"

हो.

"तेव्हा अमावास्या असते."

मी हातातली मेथी खाली ठेवली. कथा मेमधून दिवाळीत आणताना तारखा बदलल्या, स्वेटर घातले, आंबे काढून सीताफळं दिली. चंद्र मात्र बुद्धपौर्णिमेचाच राहिला. तारीख एक आणि आकाश दुसरंच. सहा महिने खोट्या नोंदीवर पुस्तक लिहितेय, आणि माझ्याच पुस्तकात मी ती करून बसले होते. भाची इतकी खूश झाली की तिने दोनदा फोन करून आपल्या आईला सांगितलं.

प्रसंग पौर्णिमेला ढकलता येत नाही, तोवर शाळा सुरू होते. म्हणजे अंधार.

१४ ऑगस्ट

नववं पुन्हा लिहिलं. १,९०० शब्दांपैकी जुने उरले जेमतेम दोनशे. मिट्ट काळोख, काहीच दिसत नाही, म्हणून सगळं ऐकूच येतं. मामाचं घोरणं. पाण्यावर काहीतरी. पलीकडे सांबर, एकदा. मग डावीकडून दुसरं. मंगली इराच्या तळहातावर बोटाने रेघ ओढून दाखवते, तो कुठून कुठे चाललाय. वाळूचं दूध गेलं याचं वाईट वाटलं, तासभर.

२४ ऑगस्ट, रविवार

परवा पोळा झाला. दारावर पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, अजून आहेत, पानं कोमेजली. हस्तलिखित काल गेलं, २४,३०० शब्द.

चित्रकाराकडून नकाशा आला, सुरेख आहे. शेवटच्या प्रकरणात मुलांना खरा रानपिंगळा दिसतो, वेगळ्याच ठिकाणी, आणि त्या दोघी तो कुठे दिसला हे कुणालाच सांगत नाहीत. एकदा जागा फुटली की ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला पुन्हा पुन्हा बाहेर बोलावणारे कॅमेरेवाले येतात, हे दहाव्या प्रकरणात येऊन गेलं आहे. चित्रकाराने मात्र प्रकरण नीट वाचून, नाल्याची सगळी वळणं जुळवून, तिथे इवलंसं घुबड काढलं होतं.

त्यांना फोन केला. घुबड पुसायचं. ते म्हणाले, जागा रिकामी दिसेल. म्हटलं, तिथे साग काढा. "एकच?" नाही, सगळीकडे काढा.